डाव्या काचेवरचे थेंब

१

मधोमध चिरलेल्या व्हॉल्व्हच्या आतलं काळं रबर मी चिमट्यात धरलं आणि ओढायच्या आधीच ते केळ्याच्या सालासारखं निघून हातात आलं. ते निघायला नको होतं. पक्कडीने ओढून दंड भरून आले तरी सुटू नये, म्हणून तर ते वाफेच्या भट्टीत शिजवतात.

याच रबरापायी बदलापूरला एक माणूस गेला होता. अॅसिडच्या पाइपांवर बसणारे व्हॉल्व्ह अंबरनाथला हासानंद शेठच्या शेडमध्ये तयार होत. बाहेरून ओतीव लोखंड आणि अॅसिडने ते खाऊ नये म्हणून आतून रबराचं अस्तर. एका व्हॉल्व्हचं अस्तर सुटलं, त्याच्यामागे अॅसिड शिरलं आणि गुपचूप लोखंड खात राहिलं. बदलापूरच्या कारखान्यातल्या धाकलू नावाच्या कामगाराने एके सकाळी चाक फिरवलं, तेव्हा व्हॉल्व्हचं अंगच फुटलं. धाकलू बारवी धरणाकडच्या वाडीतला होता, जेमतेम पंचविशीचा. दवाखान्यात गेला तो परत आला नाही.

माझं नाव दौलतराव. पूर्वी रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो, आता सुटलेल्या जोडांचा तपास करतो. रंग का सोलला, बुटाचा तळ का उघडला, असले प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात. उल्हासनगर-अंबरनाथात मला चिकट दौलतराव म्हणतात आणि ते केवळ धंद्यावरून म्हणत नाहीत. हे सगळं एकोणीसशे चौऱ्याण्णवचं, थंडीच्या दिवसांतलं.

हासानंद शेठना माझ्याकडून तपास नकोच होता. त्यांचा गुन्हेगार आधीच कोठडीत होता. स्टोअरकीपर शिवरामच्या घरी पोलिसांना सोल्यूशनचा डबा सापडला होता. सोल्यूशन म्हणजे रबर चिकटवायचा पातळ डिंक. शिवरामने तो चोरला आणि तूट भरायला पिंपात थिनर ओतलं, असा आरोप होता. पोलिसांना फक्त जाणकाराचा कागद हवा होता.

"दौलतराव साईं," शेठ म्हणाले, "चोर तो मिल गया. तुम्ही लिहून द्या, डिंक पातळ होता. बस."

मी भिंग काढून चिरलेलं लोखंड उजेडात धरलं. ते कोरं होतं. त्यावर डिंकाचा एक ठिपकाही नव्हता, सगळा डिंक रबराला चिकटून आला होता. मला ते आवडलं नाही. शेडच्या दाराशी एक बाई कधीची उभी होती. ती शिवरामची बायको बनूबाई, असं कुणीतरी मला हळूच सांगितलं.

२

शिवरामला मी कोठडीत भेटलो. त्याच्यासमोरचं जेवण तसंच होतं. बनूबाई रोज डबा देऊन जात होती आणि रोज भरलेला डबा परत नेत होती.

मला वाटलं होतं, हा नाही म्हणेल. आरोपी नाही म्हणतो आणि मग आपण खोदत बसतो, अशीच आपल्याला सवय असते. पण शिवरामने सगळं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मेहुण्याच्या चपलांच्या कारखान्यासाठी त्याने डबाभर सोल्यूशन घरी नेलं होतं आणि पिंपात तेवढंच थिनर ओतलं होतं.

"कुणाला कळणार, असं वाटलं," तो म्हणाला. "साहेब, त्या पोराला मीच मारलं. डोळे मिटले की तो चाक फिरवताना दिसतो. मला सोडवायला आला असाल तर येऊ नका."

चोरी त्याने केली होती, यात शंका नव्हती. पण डिंकच कमजोर असता तर तो मधूनच फाटला असता. पोळीचा तुकडा तोडला की दोन्ही हातांत पोळी राहते, तसा अर्धा डिंक लोखंडावर आणि अर्धा रबरावर राहिला असता. इथे डिंक अख्खा होता आणि त्याने लोखंड धरलंच नव्हतं. दोष डिंकाच्या पोटात नव्हता, लोखंडाच्या अंगावर होता.

हे मी शिवरामला समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. स्वतःला दोषी ठरवलेल्या माणसाला पुरावा पटवणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर बनूबाईने मला गाठलं. माणूस काही खात नाही, असाच राहिला तर खटल्यापर्यंत टिकायचा नाही, एवढंच ती म्हणाली. मी तिला सांगून बसलो की तुझा नवरा खुनी नाही, मी सिद्ध करून देईन. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही माझी जुनी खोड आहे.

३

लोखंडाला हात लावणारे शेडमध्ये मोजकेच होते. फोरमन हिंदुराव खडीचा फवारा मारून गंज काढी. मग भिकी आणि आवडी या दोघी थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने लोखंड पुसत. त्यानंतर डिंक, रबर आणि भट्टी.

हिंदुराव साताऱ्याकडचा, मिशीवाला. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी त्याला घाम फुटला.

"सायेब, माज्याकडं कशापायी बघताय? फवारा मी सोता मारलाय," तो म्हणाला. फवाऱ्याला हवा देणारा कॉम्प्रेसर मधे बंद होता हेही त्याने न विचारता सांगितलं, म्हणजे मनात काहीतरी होतं. काही व्हॉल्व्ह त्याने तारेच्या ब्रशवर भागवले होते. पण फुटलेल्या व्हॉल्व्हचं लोखंड भिंगाखाली करडं आणि खरखरीत होतं, फवारा नीट बसलेलं. ब्रशवर भागवलेले व्हॉल्व्ह निघाले ते दुसऱ्याच मालातले आणि त्यांचं अस्तर जागच्या जागी घट्ट होतं.

इथे माझं डोकं चालेनासं झालं. आळशीपणा केलेला माल टिकला होता आणि नीट केलेला सुटला होता. मी गोदामातले उरलेले व्हॉल्व्ह तपासायला घेतले. बदलापूरला जायचा राहिलेला जो माल होता, त्याचं रबर चिमट्याने सुटत होतं. बाकीच्या गावांचा माल सुटत नव्हता. सगळ्यांना डिंक एकाच पिंपातला, थिनर ओतलेला.

बदलापूरचा माल कोण पुसतं, असं मी भिकीला विचारलं. भिकी हसली.

"आवडी. आमाला हातच नाय लावू देत. आमी दोन फटके मारतो नि सोडतो. ती पोराचा तोंड पुसावा तशी पुसत बसते."

आवडी कोपऱ्यात पुसत होती, चाळिशीची, काटक. मी तिच्याजवळ वाकलो तेवढ्यात वरच्या फळीवरून डिंकाचा थेंब माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पडला. मी रुमाल काढणार, तोच तिने चष्मा मागितला. कमरेचं मऊ, फिकट निळं कापड थिनरमध्ये बुडवून तिने ती काच हलक्या हाताने पुसली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा एकदा पुसली. इतक्या निगुतीने माझी कुठलीच वस्तू कधी कुणी पुसली नव्हती.

मग मी विचारलं की बदलापूरच्या मालाला दुसऱ्या कुणाचा हात का चालत नाही.

"तो माल माज्या भावाचे हाती जातो," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने ते सुधारलं, "जात होता."

धाकलू तिचा धाकटा भाऊ होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं आणि बदलापूरची नोकरीही हिंदुरावला सांगून तिनेच लावून दिली होती. भावाचे दिवस करून ती चार दिवसांपूर्वीच कामावर परतली होती. मला हे शेडमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटलं होतं की ते मला माहीत असेल.

४

दुसऱ्या दिवशी मी बदलापूरच्या त्या कारखान्यात गेलो. तिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, धुतलेली फरशी तेवढी होती. परत निघताना जांभूळ गावच्या पाणीटाकीजवळच्या नळावर तोंड धुतलं. चष्म्यावर पाणी उडालं आणि तो काढायचा कंटाळा करून मी तसाच रिक्षात बसलो.

थोड्या वेळाने लक्षात आलं की एका डोळ्याला जग वेगळं दिसतंय. उजव्या काचेवर पाणी पसरून पातळ झालं होतं. डाव्या काचेवर थेंब मोत्यांसारखे गोल उभे होते आणि रिक्षा हलली की घरंगळत होते. मी चष्मा काढून हातात धरला आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. तो वैतागला, पण थांबला.

काचेवर किंवा लोखंडावर पाणी असं उभं राहतं, ते अंगावर पाण्याला धरायला काही नसलं तर. फवारा मारलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा बारीक पापुद्रा असतो आणि त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर तोंड करून बसलेल्या असतात. त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. डिंकातल्या राळेतही तसेच गट असतात. हे गट एकमेकांना धरतात, लहान लहान हातांनी धरावं तसे, आणि असे कोट्यवधी हात लागले की रबर लोखंडाला सोडत नाही. जोड म्हणजे हातात हात, बाकी काही नाही.

पण एक पदार्थ असा आहे की तो मधे आला की सगळे हात सुटतात. सिलिकोन. त्याची साखळी ऑक्सिजनच्या बाजूने लोखंडावर पहुडते आणि वरच्या बाजूला मिथाइल गट पसरते. या मिथाइल गटांना कुणाचा हात धरायचा नसतो, पाण्याचा नाही, डिंकाचा नाही. त्याचा थर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. लोखंड लख्ख दिसतं आणि असतं मात्र आंधळं.

मी तडक शेडमध्ये जाऊन सगळे डबे उघडले. साच्यावर मारायचा फवारा, ग्रीस, मशीनचं तेल, सगळं पाहिलं. सिलिकोन कुठेच नव्हतं. हिंदुराव शपथेवर सांगत होता की असलं काही इथे कधी आलंच नाही, आणि तो खरं बोलत होता. मग माझ्या डाव्या काचेला ते लागलं कुठून, याचं उत्तर खरं तर मला रिक्षातच कळलं होतं. मला ते नको होतं, म्हणून मी डबे उघडत बसलो होतो.

ते निळं कापड कुठलं, असं मी भिकीला विचारलं. स्टोअरमधल्या पुसायच्या सुती वेस्टचे, म्हणजे गिरणीतल्या टाकाऊ सुताच्या गुंत्याचे दोरे लोखंडाला चिकटून राहतात म्हणून आवडीला ते पसंत नव्हतं, ती म्हणाली. आवडीची मावसबहीण चंद्री उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात दोरे कापते. धुलाईत फाटलेल्या पँटींचे तुकडे ती आवडीला आणून देते.

कॅम्प तीनच्या त्या गल्लीत चंद्री सापडली. तिच्यामागे धुलाईची मशीनं फिरत होती आणि भिंतीशी दुधासारख्या पांढऱ्या पाण्याचं पिंप होतं. हे कशासाठी, असं मी धुलाईवाल्याला विचारलं. तो खुशीत येऊन सांगू लागला.

"सिलिकोन है साब. कपडा मख्खन जैसा होता है. नवीन आयटम आहे, सगळीकडे हेच चालू आहे आता."

मी पिंपाजवळ उभा राहिलो. कापड मऊ लागतं ते दोऱ्याने दोऱ्याला धरू नये म्हणूनच. आवडीने बाजारातलं सगळ्यात मऊ कापड शोधलं होतं. थिनरमध्ये बुडवलं की त्यातलं सिलिकोन विरघळत होतं आणि जितकं जास्त पुसावं तितकं ते लोखंडावर बसत होतं.

५

तरी मी एक प्रयोग केला. मला चूक ठरायचं होतं.

हिंदुरावकडून एकसारख्या तीन पट्ट्या फवारून घेतल्या. एक भिकीला दिली, एक आवडीला. नेहमीसारखं पुसा, एवढंच सांगितलं. तिसरी पट्टी कुणालाच दिली नाही, न पुसता तशीच ठेवली. तिन्हींना शिवरामच्या त्याच थिनर ओतलेल्या पिंपातला डिंक लावला, रबर दाबलं आणि भट्टीत टाकलं.

थंड झाल्यावर हिंदुराव पक्कड घेऊन बसला. भिकीच्या पट्टीवर त्याने जोर लावला तेव्हा रबर फाटलं, पण सुटलं नाही. न पुसलेल्या पट्टीचंही तेच झालं. मग त्याने आवडीची पट्टी घेतली आणि पक्कड बाजूला ठेवली. रबर नखानेच उचललं गेलं.

हिंदुराव बराच वेळ ती पट्टी उलटसुलट करत राहिला. "सायेब," तो शेवटी म्हणाला, "हे तिला सांगू नगा."

मला तरी कुठे सांगायचं होतं? घरी जाऊन मी कागद तयार केला. बाहेरून आलेल्या कापडातून सिलिकोन लागलं, डिंकाचा दोष नाही, असं लिहिलं. कापड कुणाचं ते लिहिलं नाही. एवढ्यावर शिवराम सुटेल आणि आवडीला काही कळणार नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

फौजदाराने कागद दोनदा वाचला. माणूस हुशार होता, हीच अडचण झाली.

"कापडं कोण देतं? स्टोअर. स्टोअर कुणाचं? शिवरामचं," तो म्हणाला. "म्हणजे डिंकाने नाही मारलं, चिंधीने मारलं. माणूस तोच राहिला. का चिंधी दुसऱ्या कुणाची होती?"

आत शिवराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेर बाकावर बनूबाई माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होती, जणू मी तिच्यासाठी आतून काही घेऊनच येणार होतो. वचन मी तिला दिलं होतं. आणि ते पाळायचं तर ओझं त्याच्या खांद्यावरून काढून दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावं लागणार होतं, तेही जिचा भाऊ गेला तिच्याच. मी इतकी वर्षं सुटलेले जोड पाहिले, इतका हतबल कधी झालो नव्हतो.

६

दुपारच्या सुट्टीत आवडी शेडमागे भाकरी खात बसली होती. मी तिच्यासमोर विटेवर बसलो. काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही.

मी तिच्या कापडाने एक लोखंडी पट्टी पुसली आणि तिच्या लोट्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. थेंब गोल उभे राहिले. दुसऱ्या, न पुसलेल्या पट्टीवर पाणी पसरलं. कापडाला काय लावलेलं असतं ते सांगितलं. तुला हे कळायचा काही मार्गच नव्हता, दोष तुझा नाही, असंही सांगितलं, एकदा नव्हे, तीन-चारदा. ती थेंबांकडे पाहत होती. मग तिने बोटाने एक थेंब ढकलला आणि तो घरंगळत पट्टीवरून खाली पडला.

ती रडली नाही. उरलेली भाकरी तिने फडक्यात बांधली.

"मी जाऊन सांगितला, तं शिवराम सुटल?"

सुटेल, मी म्हणालो.

"मंग चला."

ठाण्यात तिने सगळं स्वतः सांगितलं. कापड माझं, चंद्रीकडून मीच आणलं, शिवरामच्या स्टोअरचं नाही, बदलापूरचा माल मीच पुसते. फौजदार लिहीत होता आणि मधेमधे लेखणी थांबवत होता. हा अपघात आहे, तुझ्यावर काही येणार नाही, असं त्याने तिला सांगितलं. ते ऐकून तिचा चेहरा जराही सैल झाला नाही.

डबाभर सोल्यूशनची चोरी शिवरामवर राहिली, तिचा त्याला जामीन झाला. तो बाहेर आला तेव्हा बनूबाईने त्याचा हात धरला आणि मला वाकून नमस्कार केला. शिवराम आवडीच्या बाकासमोर येऊन थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. दोघांपैकी एकाचीही मान वर झाली नाही आणि थोड्या वेळाने बनूबाईने त्याला तसंच पुढे नेलं. मी वचन पाळलं होतं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

सही म्हणून आवडीचा अंगठा घेतला. ती उठली नाही. शिपायाने तिच्यासाठी पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला.

"साहेब," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मी पुसलाच नसता, तं?"

तिसरी पट्टी माझ्या पिशवीत होती. पक्कडीने ओढूनही तिचं रबर सुटलं नव्हतं.

"ते कुणालाच सांगता येणार नाही, आवडी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी नजर चुकवली, म्हणजे तिला उत्तर मिळालं.

फौजदार कागद आवरायला लागला आणि त्याच्या कोपराने पेला कलंडला. पाणी टेबलावर पसरून कडेला आलं. आवडीचा हात आपसूक कमरेच्या कापडाकडे गेला. कापड बाहेर निघालं, पाण्याच्या जवळ आलं आणि तिथेच थांबलं. मग तिने ते हळूच मागे घेऊन मुठीत धरलं. पाणी कडेवरून खाली ठिबकत राहिलं आणि ते कुणीच पुसलं नाही.